ताठवेल आणि उताणे मासे

१

मासेकाकांनी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि असा टाहो फोडला की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या मिशीवर अर्ध्यात थांबला. त्या गिऱ्हाइकाने पुढे आयुष्यभर अर्धीच मिशी ठेवली असं सांगतात. ते सोडा. टाहो मात्र खरा होता.

खिडकीशी काचेच्या दोन पेट्या होत्या. डावीकडच्या पेटीत साधं पाणी, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे मजेत हिंडत होते. उजवीकडच्या पाण्यात ताठवेलीच्या मुळांचा काढा मिसळला होता. तिथले सगळेच्या सगळे मासे पोट वर करून उताणे तरंगत होते.

"माझी लेकरं!" मासेकाका पेटीला मिठी मारायला निघाले होते. "काल संध्याकाळी हसतखेळत होती हो, बाई!"

मागून आलेल्या बाईंनी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. या बाईंचं पदव्यांसकट लांबलचक नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळी इमारत त्यांना नाकबाई म्हणायची. नाकच तसं होतं. आधी नाक यायचं, मग बाई यायच्या. आणि ते नुसतं शोभेचं नव्हतं. जिन्याची पहिली पायरी चढतानाच त्या सांगत, की तिसऱ्या मजल्यावर दूध उतू गेलंय आणि सासूला कळू नये म्हणून सुनेने खिडकी उघडलीय. बंद बाटली नुसती कानाशी हलवावी तशी नाकाशी फिरवून आत काय आहे ते त्या ओळखत. रसायनशास्त्र त्यांना पुस्तकाने शिकवलं की नाकाने, यावर साहेबांचं आणि त्यांचं कधी एकमत झालं नाही.

आज मात्र त्या नाकाचा शेंडा पांढराफटक पडला होता.

कारण ताठवेल म्हणजे त्यांच्या आईच्या माहेरची वेल. डोंगरउतारावर उगवते, कशाचाही आधार न घेता उभी राहते. सुजलेल्या सांध्यांवर तिच्या मुळांचा काढा त्या घराण्याने कितीतरी पिढ्या दिला. धनुष्यासारखा वाकलेला एक म्हातारा काढा पिऊन इतका सरळ झाला, की त्याला घरात घेण्यासाठी दाराची चौकट उंच करावी लागली, असं मामा सांगत. फळ धरून वाळलेल्या वेलीचंच मूळ काढायचं, असा त्या घराचा दंडक होता. का, असं विचारलं तर मामा म्हणत, "वेल टिकावी म्हणून. आणखी कशाला?"

शहरातले लोक हसत. झाडपाला म्हणत. म्हणून नाकबाईंनीच मामांच्या मागे धोशा लावला होता, की मामा, एकदा रीतसर तपासून घेऊ. त्यात कोणती रसायनं आहेत, ती माणसाला बाधतात का, सगळं कागदावर येऊ दे. मग कोण हसतंय बघू. मामा तयार व्हायला पुष्कळ वर्षं लागली होती. आणि उद्या समिती येणार होती. तिच्या एका सहीने ताठवेल औषधांत जाणार होती, नाहीतर विषांच्या यादीत. विषांत गेली, तर मामांच्या सगळ्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या लोकांना विष पाजलं असा त्याचा अर्थ. आणि त्या घराण्याला या दारात आणलं कोणी? भाचीनेच.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून खणखणीत आवाज आला.

"काय गं पोरी, झालं का? मासे नाचायला लागले असतील ना?"

मामा पहाटेच्या गाडीने येऊन बसले होते.

२

मामा आत आले ते इस्त्रीचा कोट घालून आणि छाती पुढे काढून. पेटीकडे बघितलं आणि कोटातला माणूस एकदम निम्मा झाला. पण निम्मा राहणारा हा माणूस नव्हे. दुसऱ्या क्षणाला ते पुन्हा फुगले.

"घातपात!" मामा गरजले. "कोणीतरी विष कालवलंय यात! अगं, ताठवेलीने मासे मरतात? आमच्याकडे ओढ्यात मुळं धुतो आम्ही. तिथले मासे बघ, पैलवानासारखे!"

"मामा, हळू बोला."

"का हळू? बरणी मी स्वतः भरली. स्वतः लाखेने बंद केली, वर अंगठा उठवला. गाडीत मांडीवर घेऊन बसलो, शेजारणीचं पोर मांडीवर घेतलं नाही! असा माल मी आजवर सख्ख्या जावयालाही दिलेला नाही, कळलं?"

गलका ऐकून साहेब आले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण हसू तोलूनमापून खर्च करणारा. त्यांनी दोन्ही पेट्यांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"बाई, वाईट वाटतं. पण मासे मेले म्हणजे मेले. उद्या समितीला तेच सांगावं लागेल."

"साहेब, पहिल्या खेपेला मासे जगले होते," नाकबाई म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. गेल्या वेळी आजोळी गेल्या असताना स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या डब्यातून त्यांनी पसाभर मुळं चाचणीपुरती आणली होती. त्यांच्या काढ्यात मासे असे मस्तावले, की मासेकाकांना त्यांचं खाणं वाढवावं लागलं. मग मोठ्या, अधिकृत चाचणीसाठी मामांनी लाखबंद बरणी आणून दिली. बरणी सगळ्यांसमोर उघडली, निम्म्या मुळांचा काढा केला, उरलेली निम्मी मुळं दुसऱ्या बाटलीत घालून पुन्हा लाखेने बंद केली, वर मामांचाच अंगठा घेतला आणि साहेबांच्या कपाटात ठेवली.

"तीच वेल, तोच डोंगर, तेच घर. मग मधे काहीतरी घडलं असलं पाहिजे," नाकबाई म्हणाल्या. "उद्या समिती येईपर्यंत मला वेळ द्या."

साहेबांनी मामांकडे पाहिलं, मग भाचीकडे. "दिला. पण बाई, तुम्ही त्यांच्या नात्यातल्या. जे काही सापडेल ते मला दाखवून. लपूनछपून काही नको."

"मी लपवणार?"

"तुम्ही नाही लपवणार. लोक म्हणतील."

नाकबाईंनी मान डोलावली आणि काढ्याचा चंबू रात्रभर जिथे होता त्या कपाटाशी गेल्या. त्यांनी हळूच श्वास घेतला. स्पिरिट. लाकूड. मासेकाकांच्या हातांचा माशांच्या खाण्याचा वास. आणि त्या सगळ्यांवर, शहाण्या माणसाने अंगाला लावू नये असा एक गोडमिट्ट, महागडा सुवास.

हा सुवास या मजल्यावरच्या कोणाचाच नव्हता.

३

"आधी मला विचारा," मासेकाका म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते. संशय माझ्यावरच यायला हवा. आला नाही तर मला वाईट वाटेल."

"बरं, आला," नाकबाई म्हणाल्या. "आता सांगा. पाणी कुठून घेतलं?"

"दोन्ही पेट्यांना एकाच पिंपातलं. खाणंही एकाच डब्यातलं. इकडची जिवंत, तिकडची गेली. बाई, मला ही चाचणीच आवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हणून मी माझ्याच पोरांना मारीन? त्या कोपऱ्यात तरंगतोय ना, तो आळशी होता. त्याला मी हाताने भरवायचो."

नाकबाईंनी माशाला हाताने भरवणं कसं असतं ते विचारलं नाही. मासेकाकांच्या काही गोष्टी ऐकून घ्यायच्या असत.

"काल काढा ओतला तेव्हा काही वेगळं वाटलं?"

मासेकाकांनी डोकं खाजवलं. "वाटलं म्हणजे... पाण्याला वास आला. नुकती चिरलेली काकडी असावी तसा. मी म्हटलं छान आहे, थंडावा मिळेल पोरांना."

नाकबाईंनी मेलेल्या माशांच्या पेटीवर नाक नेलं. होता. विटलेल्या पाण्याच्या आडून हिरवट, ओलसर, कच्चा वास येत होता. पहिल्या खेपेच्या काढ्याचा वास त्यांना पाठ होता. जुनी लाकडी पेटी पुष्कळ दिवसांनी उघडावी तसा तो होता, कोरडा आणि थोडा कडसर. त्यात काकडी नव्हती.

"काका, रात्री इथे कोण आलं होतं?"

मासेकाकांनी एकदम पायाच्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली.

"कोणी नाही."

"काका."

"आता कसं सांगू? तो म्हणाला, कोणाला सांगू नका. रोज येतो, दोन मिनिटं थांबतो. माझ्या माशांशी इतकं गोड बोलतो, की मला नाही म्हणवत नाही."

"कोण?"

"समोरचा गोळीवाला."

४

गोळीवाल्याचं कार्यालय रस्त्यापलीकडे, न्हाव्याच्या डोक्यावर होतं. सांधेदुखीवरच्या गोळ्या विकणाऱ्या मोठ्या कंपनीचा तो माणूस. ताठवेल औषध ठरली तर सगळ्यात आधी याच्या गोळ्या पडून राहणार, हे कोणीही सांगितलं असतं. मामांनी तर रस्ता ओलांडतानाच निकाल लावला.

"हाच! चेहऱ्यावरूनच कळतंय."

"मामा, अजून त्याचा चेहरा दिसायचाय."

"मला इथूनच दिसतोय."

दार उघडलं आणि तोच गोडमिट्ट सुवास अंगावर धावून आला. गोळीवाला टेबलामागे बसला होता. बाईंना बघून तो चटकन उठला, दोन ढांगांत खुर्च्या पुढे ओढल्या, खाली वाकून मामांची पडलेली टोपी उचलून दिली आणि पुन्हा जाऊन बसला.

नाकबाई हे नीट बघत राहिल्या.

"बोला बाई, काय सेवा करू?"

"आमच्या कपाटाशी काय करत होता?"

"मी? छे! मी कशाला?" त्याने कपाळ पुसलं. "आमच्या दोन्ही संस्थांचं किती सलोख्याचं..."

"ओकून टाक सगळं खरं!" मामा ओरडले. "कोणतं विष घातलंस?"

"विष?" गोळीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, विष कशाला घालीन? मी तर..." आणि तो थबकला.

नाकबाई पुढे झुकल्या. "दिवाळं निघालेल्या माणसासारखे तुम्ही जिना चढायचात. एक पाय वर, एक हात कठड्याला, आणि दर पायरीला देवाची आठवण. आमच्या खिडकीतून दिसायचं. आज तुम्ही टोपी उचलायला वाकलात, आणि हूं की चूं केलं नाहीत. तुमचे गुडघे कोणी बरे केले?"

गोळीवाला उठला, दार लावून घेतलं आणि कडी घातली. मग लहान पोरासारखा आवाज काढून म्हणाला, "बाई, माझ्या साहेबांना सांगू नका. पाया पडतो. आता पडता येतं मला."

"पहिल्या खेपेची उरलेली मुळं. आमच्या कपाटात, खालच्या खणातल्या बरणीत होती ती," नाकबाई म्हणाल्या.

"चिमूटभर! रोज फक्त चिमूटभर. घरी उकळून प्यायलो. आमच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं खाल्ल्या हो, नुसतं पोट बिघडलं. आणि हे, अहो, काल मी बायकोबरोबर बाजारात गेलो आणि तीच म्हणाली, जरा हळू चाला."

मग मामा असे हसले की खालच्या न्हाव्याने पुन्हा वस्तरा थांबवला. चोराला मिठी मारायची का मुस्कटात द्यायची, हे न ठरल्याने त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

"बघितलंस? माणूस जगला! नुसता जगला नाही, धावायला लागला!"

पण नाकबाई हसत नव्हत्या.

"लाखेच्या बाटलीला हात लावलात?"

"नाही. आईशपथ. ती साहेबांच्या कपाटात असते, मला कशी मिळणार?"

"म्हणजे वेल निर्दोष," मामा म्हणाले. "आणि हाही निर्दोष. भामटा आहे, पण निर्दोष."

"हो," नाकबाई उठल्या. "म्हणजे आता ती बाटली फोडायला हवी."

५

बाटली साहेबांनी स्वतः आणली. लाख अभंग होती. मामांचा अंगठा तिच्यावर रुबाबात बसला होता. भिंगाखाली धरला, खऱ्या अंगठ्याशी ताडून पाहिला. कोणी हात लावलेला नव्हता.

"फोडा," नाकबाई म्हणाल्या.

त्यांनी त्या मुळांचा ताजा काढा केला. पहिल्या खेपेच्या मुळांचा दुसरा केला. पाणी तेच, भांडी घासून स्वच्छ केलेली, आणि साहेब शेजारी हाताची घडी घालून उभे. मग त्यांनी पांढऱ्या भुकटीचा थर दिलेली काचेची एक पट्टी घेतली, तळाशी दोन्ही काढ्यांचे दोन ठिपके दिले आणि पट्टी थोड्या द्रवात उभी केली.

"हे काय करतेस?" मामांनी विचारलं.

"काढ्यात पुष्कळ पदार्थ एकत्र नांदतात, मामा. द्रव पट्टीवर चढायला लागला की तेही त्याच्याबरोबर चढतात. पण सगळ्यांचा दम सारखा नसतो. एखादं कुटुंब जिना चढतंय असं समजा. पोरं गच्चीवर पोचतात, आजोबा पहिल्या मजल्यावर टेकतात. जो जिथे थांबतो तिथे त्याचा डाग दिसतो."

मामांना हे फार आवडलं. ते पट्टीसमोर गुडघे टेकून बसले आणि जणू शर्यत बघत असावेत तसे द्रवाला "चल, चल" म्हणू लागले.

पट्टी वाळली. नाकबाईंनी ती जांभळ्या दिव्याखाली धरली. पहिल्या खेपेच्या काढ्याचे डाग एका ओळीत उभे राहिले. दुसऱ्या काढ्याचे डागही त्यांच्या शेजारी, अगदी त्याच उंचीवर आले. आणि मधेच, जिथे पहिल्या ओळीत कोरी जागा होती, तिथे दुसऱ्या ओळीत एक गडद, ठसठशीत डाग होता.

साहेबांनी हाताची घडी सोडली.

"हा आगंतुक कोण?"

"ज्याने मासे मारले तो," नाकबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. काकडी.

"पण बाटली बंद होती."

"हो. इथे कोणी काही घातलं नाही. हे बरणीतूनच आलं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "मामांच्या घरून."

मामा गुडघ्यांवरून उठले. इतके सावकाश उठले, की खोलीतल्या सगळ्यांना ते उठणं संपेपर्यंत उभं राहावं लागलं.

"म्हणजे," मामा म्हणाले, "मी विष आणलं?"

६

यापुढे मामा जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यात भाचीच्या शिक्षणाचा उद्धार होता, पट्टीचा होता, आणि भाचीच्या वडलांकडच्या घराण्याचा तर फार होता. नाकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलत बोलत मामांना खोकला आला तेव्हा पाणी दिलं. आणि मधल्या वेळात बाटलीतला एक तुकडा भिंगाखाली ठेवला.

साल पातळ. गुळगुळीत. लहान बाळाच्या बोटासारखी.

मग त्यांनी पहिल्या खेपेचा तुकडा ठेवला. साल जाड, खडबडीत, भेगाळलेली. एकावर एक सुरकुत्या चढलेल्या.

नाकबाई भिंगावरून उठल्या. मामा सकाळपासून जे पुन्हा पुन्हा अभिमानाने सांगत होते, ते आता कुठे त्यांच्या कानांत शिरलं. असा माल जावयालाही दिला नाही.

"मामा," त्यांनी विचारलं, "बरणीत नेहमीचीच मुळं भरलीत ना?"

"नेहमीची?" मामांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "वेडी की काय तू? प्रयोगशाळेत पाठवायची, मोठमोठे लोक बघणार, आणि मी ती नेहमीची काळीबेंद्री, सुरकुतलेली मुळं पाठवू? पाहुण्याला कोणी आपल्या ताटातलं वाढतं का? चांगली निवडून काढली. पांढरीशुभ्र. रसरशीत. नखाने खरवडली तर रस येईल अशी!"

"कोवळ्या वेलींची."

"कोवळ्या म्हणजे काय, लेकरं होती नुसती! फळ धरायच्या आधीची. जीव तुटला माझा काढताना. घराण्याचा दंडक मोडला मी तुझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा! म्हटलं, जाऊ देत चार वेली, पण घराण्याची शोभा व्हायला नको."

साहेब पुढे आले होते. त्यांनाही समजलं होतं. पण हे भाचीने सांगायचं होतं.

"आणि तुमच्या स्वतःच्या पाठीचं औषध? ते आणलंय?"

"पिशवीत आहे. ते आपलं रोजचं. कसलं बघतेस त्यात?"

नाकबाईंनी मामांच्या पिशवीतून पुडी काढली. काळी, सुरकुतलेली मुळं. तिसरा काढा झाला, तिसरा ठिपका पट्टीवर चढला. जांभळ्या दिव्याखाली मामांच्या रोजच्या औषधाचे डाग उभे राहिले. तो गडद डाग त्यांत नव्हता. जागा कोरी होती.

"मामा, विष वेलीत नाही. तिच्या लहानपणात आहे. कोवळी असताना जनावरांनी खाऊ नये म्हणून ती कडू जहर धरून ठेवते. फळ धरलं, वय झालं, की सोडून देते. वाळलेल्या वेलीचंच मूळ काढायचं, हा दंडक उगाच नव्हता."

मामा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी कोटाच्या बटणाशी चाळा केला.

"पणजोबा रागवायचे," ते शेवटी म्हणाले. "कोवळ्याला हात लावला की हातावर फटका. आम्हांला वाटायचं, वेल टिकावी म्हणून म्हणतात. कारण कोणी सांगितलंच नाही. म्हणजे त्यांनी कोणीतरी मेलेलं बघितलं असणार, गं."

"असणार."

"आणि मी, घराण्यातला जाणता म्हणवणारा, तेच भरून आणलं. वर अंगठा उठवून."

मासेकाकांनी तिसरी पेटी मांडली. त्यांनी हुंदका देत नवे मासे तिच्यात सोडले आणि रोजच्या मुळांचा काढा ओतला.

"उद्या तुम्ही समितीला हे सांगा, मामा," नाकबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर कोणी मानणार नाही. भाचीने आयत्या वेळी मुळं बदलली म्हणतील. नेहमीची कोणती आणि निवडलेली कोणती, हे फक्त तुम्हीच सांगू शकता."

मामांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"चारचौघांत उभं राहून सांगू, की मी चुकलो? आमच्या घराण्यात असं कोणी केलेलं नाही. मी संध्याकाळच्या गाडीने जातो."

आणि ते गेले.

७

दुसऱ्या दिवशी बाहेरचा बाक रिकामा होता.

तिसऱ्या पेटीतले मासे मात्र पोहत होते. नुसते पोहत नव्हते, एकमेकांच्या शेपट्या ओढत होते. मासेकाका आनंदाने दर थोड्या वेळाने येऊन सगळ्यांना ते सांगून जात होते.

समिती आली. मधे अध्यक्षबाई बसल्या. बारीक डोळ्यांच्या, समोरच्या माणसाचं वाक्य संपण्याआधी त्यातली भेग हेरणाऱ्या. नाकबाईंनी पट्टी दाखवली, मुळं दाखवली, पेट्या दाखवल्या. जसं घडलं तसं सांगितलं, मामांनी आणलेल्या मुळांसकट.

"एका रात्रीचे मासे म्हणजे पुरावा नव्हे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नव्हे. पूर्ण चाचणी पुन्हा करायला हवी. मी तेवढीच परवानगी मागते आहे."

"आणि ही तिसरी मुळं? लाखबंद नव्हती. तुमच्या मामांच्या पिशवीतली, असं तुम्ही म्हणता. तुम्ही त्यांच्या भाची. हे लोक रोज हीच मुळं वापरतात कशावरून? मासे मेल्यावर तुम्ही सोयीची मुळं शोधून काढली नाहीत कशावरून?"

नाकबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घसा साफ केला. "काम माझ्यासमोर झालं. बाईंनी काही लपवलं नाही. पण त्या घराण्यात काय वापरतात ते मी सांगू शकत नाही."

"मग नाइलाज आहे," अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"मी सांगतो," दारातून आवाज आला.

मामा होते. कोट पार चुरगळलेला, रात्री कुठल्यातरी बाकावर निजल्यासारखा.

"गाडीत बसलो होतो," ते सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले. "गाडी सुटली. मग वाटलं, घरी जाऊन पोरांना काय सांगायचं? म्हणून पुढच्या थांब्यावर उतरलो आणि चालत आलो. बाई, लिहून घ्या. चूक माझी आहे. लाखेची बरणी मी भरली. तुम्हांला खूश करायला कोवळी मुळं भरली, जी आमच्या घरात कोणी कधी वापरत नाही. भाचीने बदलाबदल केली नाही. ती काळी मुळं माझ्या पाठीची, आणि माझ्या बापाच्या पाठीचीही तसलीच होती."

"तुम्हांला हे कबूल करायला कठीण गेलं असेल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कठीण? रात्रभर चाललो मी! पण चालता चालता एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या जुन्या माणसांपाशी ना अशा पट्ट्या होत्या ना जांभळे दिवे. तरी त्यांनी जहर कुठे आहे आणि कधी जातं हे हुडकून काढलं, आणि विसरू नये म्हणून त्याचा दंडक करून ठेवला. त्यामागचं कारण तेवढं आमच्या हातून सांडलं. ते माझ्या बहिणीच्या लेकीने एका दिवसात शोधून परत आणलं. मग मी मान खाली घालून गाडीत कशाला बसू? आणि माझ्या शब्दावर भरवसा नसेल, तर चला आमच्या डोंगरावर. कोणत्याही घरात शिरा, फळीवरचा डबा उघडा. तुमच्या हाताने वेल निवडा, तुमच्या हाताने खणा, तुमची लाख लावा. माझा अंगठाही नको."

अध्यक्षबाईंचे बारीक डोळे जरा मोठे झाले. त्यांनी दोघा सहकाऱ्यांशी कुजबुज केली आणि लिहायला घेतलं. लिहिलेलं त्यांनी वाचूनही दाखवलं. ताठवेल विषांच्या यादीत जाणार नाही. कोवळ्या मुळावर विषाची खूण लागेल. फळ धरून वाळलेल्या वेलीच्या मुळाची पूर्ण चाचणी नव्याने होईल, आणि नमुना समितीसमोर, डोंगरावर खणला जाईल. वेल कधी खणायची याचा नियम त्या घराण्याच्या शब्दांत, त्या घराण्याच्या नावासह अहवालात नोंदला जाईल.

"नावासह," मामा साहेबांना कोपराने ढोसून म्हणाले. "ऐकलंत ना?"

साहेब हसले. तोलूनमापून नव्हे, चांगले हसले.

समिती गेल्यावर मामा भाचीसमोर येऊन उभे राहिले. काल जे बोलले होते त्याबद्दल काही म्हणतील असं नाकबाईंना वाटलं, पण मामांना तसलं काही येत नसे.

"समितीवाले येतील तेव्हा हंगाम सुरू झालेला असेल," ते म्हणाले. "हंगामाची पहिली कुदळ आमच्यात घरातला थोरला मारतो. बापानंतर मी मारत आलो. यंदा तू मारायचीस."

"मामा, मी बहिणीची लेक. दुसऱ्या घरची. तुमच्या पोरांना चालेल का?"

"चालायला काय झालं? त्यांना विचारतो, दंडकाचं कारण सांगा. ज्याला येईल त्याने कुदळ घ्यावी." त्यांनी कोट झटकला. "त्यांना यायचं असेल, तर तुझ्याकडूनच शिकून यावं लागेल."

"मी आयुष्यात कुदळ धरलेली नाही. जड असते का हो?"

"जड असते," मामा म्हणाले. "म्हणून तर थोरल्याच्या हातात देतात."